हाडाचा निरोप आणि पाण्याची जाळी

मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये ठेवलं की जुळतं. पण मोठा तुकडाच गेला, तर फट भरत नाही. मग कमरेचं हाड काढून तिथे बसवायचं, म्हणजे एका दुखण्याची दोन दुखणी!

१९६० मध्ये प्रागच्या ऑटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीराला चालेल असं, पाणी धरून ठेवणारं जेल मांडलं. पुढच्याच वर्षीच्या नाताळात विख्टरलेंनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याला सायकलचा डायनॅमो जोडून त्याची कॉन्टॅक्ट लेन्स बनवली. हाडाचा विचार तेव्हा कुठेच नव्हता.

१९६५ मध्ये लॉस एंजेलिसला मार्शल यूरिस्ट यांनी खनिजं काढलेलं हाड स्नायूत ठेवलं, आणि तिथे चक्क नवं हाड तयार झालं! हाडातलंच एक प्रथिन पेशींना वाढीचा निरोप देतं, हे त्यातून उलगडत गेलं. २००२ मध्ये ते स्पंजात भिजवून मणक्यात वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली. पण स्पंजातून ते भराभर निसटतं, म्हणून मात्रा मोठी लागते. २००८ मध्ये मानेतल्या वापरानंतर घशाला जीवघेणी सूज आल्याचा सरकारी इशारा निघाला.

निरोप जागेवर धरायला जेलच हवं. २००३ मध्ये झुरिचला जेफ्री हबेल यांच्या गटाने उंदरांच्या कवटीतल्या भोकात प्रथिनासह असं जेल भरलं. पेशी जाळी कातरत आत शिरल्या आणि जेलच्या जागी हाड आलं.

आजही डॉक्टर बहुधा कमरेचंच हाड घेतात. पण ते दुसरं दुखणं टाळण्याची वाट या जाळीतूनच जाते.