हाय बॉनेट जीप : जुनी गाडी उभी करताना काय ठेवायचं, काय बदलायचं



आज भाताची किंवा काजूची नोंद नाही. आज जीपची नोंद आहे. गेल्या काही वर्षांत जुन्या जीपला पुन्हा भाव आलाय. महाड-पोलादपूरकडं बऱ्याच घरांच्या मागं, पेंढ्याच्या उडवीशेजारी, ताडपत्री टाकलेली एखादी हाय बॉनेट उभी असते. घरातली तरुण पोरं म्हणतात, "ही बाहेर काढू, वर उचलू, मोठे टायर टाकू." त्यांना आधी या गाडीचा इतिहास सांगावा असं वाटलं. आमची सीजे-५०० डी घरीच खोलून पुन्हा उभी केली तेव्हा हाच इतिहास कामाला आला.

सुरुवात १९४० सालची. अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी पाहिजे होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं तो दिला. पण ही कंपनी लहान पडली म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्ड यांना मिळालं. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख गाड्या काढल्या. वजन साधारण हजार किलो, पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० घोड्यांची.

आता आपल्या कामाचा भाग. युद्ध संपायच्या आधीच विलीज कंपनीला प्रश्न पडला की लष्कराची मागणी थांबल्यावर या गाड्या विकायच्या कुणाला? उत्तर निघालं, शेतकऱ्याला. १९४४ मध्ये जे नमुने बनवले त्यातल्या काहींवर चक्क 'ॲग्रिजीप' अशी पाटी होती. १९४५ मध्ये सीजे-२ए बाजारात आली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, साध्या माणसाची जीप. मागं झडप, ओढायला हूक आणि पाहिजे असेल तर पीटीओ. ट्रॅक्टर, छोटा ट्रक, फिरतं इंजिन आणि माणसांची गाडी, अशी चार कामं एकीत, अशी जाहिरात होती. नांगराला मात्र ती ट्रॅक्टरची बरोबरी करू शकली नाही. वजनाला हलकी, चाकं लहान, मग ओढ कुठून येणार? पण पाटी आणि हूक बघता शेतकरी हा या गाडीचा मागाहून आलेला मालक नाही, पहिल्यापासूनचा आहे.

भारतात ती आली मुंबईच्या वाटेनं. के. सी. महिंद्र युद्धकाळात भारत सरकारच्या पुरवठा मिशनवर अमेरिकेत होते. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या. १९४९ पासून माझगावात जुळणीचं काम सुरू झालं आणि १९५४ पासून विलीजच्या सहकार्यानं टप्प्याटप्प्यानं भाग इथंच बनू लागले. म्हणजे खोक्यातून भाग काढून गाडी जोडायची, हाच आपल्याकडं जीपचा पहिला धडा होता.

हाय बॉनेट हे नावही इंजिनामुळंच पडलं. विलीजनं नवं इंजिन काढलं, त्यात हवा घेणारा व्हॉल्व्ह बाजूला न ठेवता वर हेडमध्ये बसवला. ताकद ६० वरून सत्तरच्या पुढं गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं आणि १९५३ मध्ये सीजे-३बी आली. अमेरिकेत ती १९६८ पर्यंतच निघाली. आपल्याकडं तिचा उंच चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिला.

पुढचा मोठा बदल डिझेलचा. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या माणसांना आठवत असेल. १९७३ नंतर जगभर तेल महागलं, पेट्रोलची जीप पोसणं जड झालं. तेव्हा त्या ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. पुढं प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यानं बनलेलं डिझेल इंजिन एमएम-५४० मध्ये बसलं. ज्यांच्याकडं जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी गॅरेजात डिझेल बसवून घेतलं. म्हणजे शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं काळीज शेवटी जीपमध्ये आलं. अमेरिकेत जीपचा ट्रॅक्टर करायला गेले, आपल्याकडं ट्रॅक्टरनं जीप जगवली.

आमच्या डोंगरात जीप आधी सरकारी म्हणून दिसली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर जीप आली. मलेरियाची फवारणी, लसीकरण, निवडणूक, सगळ्याला जीपच. मग सरकारी आणि लष्करी लिलावातल्या जुन्या गाड्या खाजगी हातात आल्या. पुढं लांब चेसिसची कमांडर आणि पुण्याची ट्रॅक्स आली आणि वडाप सुरू झालं. ज्या वाडीला एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथं बाजाराला जाणं आणि आजारी माणूस खाली आणणं हे जीपवर आलं.

इथं एक गोष्ट शेतीवाल्यांनी लक्षात घ्यावी. आपल्याकडं तुकडे लहान, बांध उंच. नांगरट बैलानं झाली, आता पॉवर टिलरनं होते. जीपनं कधी नांगर ओढला नाही. पण खताची पोती, कलमं, भाताची गोणी हे सगळं पूर्वी डोक्यावरून जायचं, आणि ते ओझं बहुतेक बायामाणसांच्या डोक्यावर असायचं. जीपनं ते उतरवलं. डोंगरातल्या शेतीत अर्धी मेहनत मशागतीत आणि अर्धी वाहतुकीत असते. कोकणातल्या शेतीत जीपचं काम ते, वाहतुकीचं.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं. जीप टिकली ती जशीच्या तशी ठेवली म्हणून नव्हे. इंजिन, बॉनेट, लांबी, सगळं बदलत गेलं. पण प्रत्येक बदलामागं काही काम होतं. इंधन परवडेना म्हणून डिझेल. माणसं मावेनात म्हणून लांब चेसिस. तेव्हा आपल्या अंगणात गाडी खोलताना मी एकच प्रश्न विचारतो : हा बदल कोणत्या कामासाठी?

आणि पहिला नट खोलायच्या आधी कागद बघायचे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मूळ ठरवलेल्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टींशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी गॅरेजवाला जे सहज करायचा ते आज चालत नाही. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओत विचारा, परवानगी लेखी घ्या, मग स्पॅनर उचला.

दुसरी वाट जुलै २०२१ च्या नियमांची. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. पण ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची; रोजच्या वापराला नाही, धंद्याला नाही. म्हणजे वाटा दोन. एक तर गाडी इतिहासात ठेवायची, नाही तर कामात. व्हिंटेज जीपमधून रोज युरियाची पोती आणता येणार नाहीत, आणि कापाकापी केलेली जीप व्हिंटेज होणार नाही. ज्यांच्याकडं खरी जुनी सीजे-३बी मूळ इंजिनासह आहे त्यांनी हात लावायच्या आधी दहादा विचार करावा. आमची गाडी त्या वयाची नाही, ती कामासाठीच आहे, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. इंजिन तेच, आरसीत आहे तेच.

आता कामाचा क्रम. रंग सगळ्यात शेवटी.

१. चेसिस. आमच्याकडं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढं. पत्रा वरून चांगला दिसतो, पण बसायच्या जागेखालच्या आडव्या पट्ट्या आतून कुजतात, कारण तिथं चिखल बसतो आणि वाळत नाही. बॉडी उचलून हातोडीनं वाजवून बघा. बद्द आवाज आला की तो तुकडा बदला, वर पट्टी मारू नका. चेसिस नंबरावर ग्राइंडर फिरवू नका, तो घासला गेला तर गाडीची ओळखच गेली.

२. ब्रेक. जुन्या सीजेमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या खाली असतो. चिखलपाणी थेट त्याच्यावर. शिवाय एकच लाईन चारी चाकांना, एका ठिकाणी पाईप गळला की चारही ब्रेक गेले. आंबेनळी किंवा वरंध घाटात हे परवडणारं नाही. आम्ही दोन कप्प्यांचा, ज्याला टँडम म्हणतात तो सिलिंडर बसवला, सगळे पाईप नवे टाकले. सगळ्या गाडीत एकच बदल करायचा असेल तर तो हा करा. ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रम ओले असतात, ब्रेक लागत नाही. थोडं अंतर हळू चालवत पायाखाली हलका ब्रेक दाबून ते वाळवून घ्यायचे.

३. स्टेअरिंग. पुढं मधोमध एक लिव्हर असते, तिची पिन झिजली की चाक आपोआप डावी-उजवी ओढतं. किंगपिनचे बेअरिंगही बघा. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला मिळतात, पण जुना भाग हातात नेऊन जुळवून घ्या.

४. पुढची चाकं आणि लो गिअर. दोन छोटे दांडे हीच या गाडीची खरी संपत्ती. लो टाकला की जोर साधारण अडीच पट होतो आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही. पण कोरड्या डांबरावर पुढची चाकं जोडून चालवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत, फरक सोडायला मध्ये काही नाही, त्यामुळं सगळा पीळ गिअरवर आणि शाफ्टवर येतो.

५. वायरिंग. उंदरांनी खाल्लेली वायर जोडजोड करून वापरू नका. संपूर्ण नवी टाका, प्रत्येक फाट्याला फ्यूज.

आता पोरांच्या आवडीचं. उंच स्प्रिंग आणि मोठे टायर. या जीपच्या दोन आसांमधलं अंतर फक्त ८० इंच, रुंदीही कमी. उचलली की ती बांधावर लवकर कलंडते. मोठं चाक थांबवायला त्याच छोट्या ड्रमला जास्त जोर लागतो. शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातो. मीटर खरा वेग दाखवत नाही. एवढं करून चिखलात फायदा थोडाच. मूळच्या अरुंद टायरला चांगली नक्षी असेल तर तो चिखल कापून खालच्या कठीण जमिनीवर पोचतो, आमच्या शेतरस्त्याला तेच पाहिजे.

कुणी म्हणतं, जुनं ते मजबूत, काही करायला नको. मंडळी, २ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडमध्ये कुणी विसरलेलं नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीतली माणसं गेली. जुनं असणं म्हणजे मजबूत असणं नव्हे, हे आपल्याला इतक्या जवळून कळलंय. जुन्या वस्तूवर जीव असावा, पण विश्वास तपासून ठेवावा. दरवर्षी मिरगाच्या आधी गाडी जॅकवर घेऊन ब्रेक, स्टेअरिंग आणि चेसिस बघायचं, हा नेम आम्ही धरलाय. भातपेरणीच्या आधी बियाणं तपासतो तसंच.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावात पहिली जीप कोणत्या साली आली, कुणाची होती, कुठपर्यंत रस्ता होता आणि पुढं माणसं कशी चालत गेली, हे घरातल्या वयस्कर माणसांना विचारून वहीत लिहून ठेवा. कंपनीचा इतिहास कुठंही मिळेल. उमरठला, कुडपणला, ढवळ्याला पहिली जीप कशी चढली हे सांगणारी माणसं आता थोडी राहिलीत. गाडीचा पत्रा बदलता येतो, या माणसांची आठवण एकदा गेली की गेली.