कुत्र्याचें भुंकणें : काठी कीं घास?

संध्याकाळची वेळ आहे. छत्रपति संभाजीनगरांतील गुलमंडीच्या बाजूच्या एका अरुंद गल्लींतून एक गृहस्थ आपल्या पाळीव कुत्र्यास साखळी लावून फिरावयास निघाले आहेत. समोरच्या ओट्याखालून गल्लीचा कुत्रा अंग झाडीत उठतो. पाळीव कुत्र्याचे कान ताठ होतात, साखळी ताणली जाते, आणि क्षणार्धांत असा कल्लोळ उसळतो कीं, खिडक्या उघडतात, पाळण्यांतलें मूल रडूं लागतें आणि गृहस्थ ओशाळून साखळीस हिसका देतात. दुसऱ्या दिवशीं तोच प्रकार. आठ दिवसांनीं शेजाऱ्यांची तक्रार येते, आणि महिन्याभरानें ‘हें जनावर कोठें तरी देऊन टाकावें’ असा विचार घरांत सुरू होतो. मुलांच्या डोळ्यांस पाणी येतें. पण उपाय कोणासच सुचत नाहीं. कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, ही म्हण अशा वेळीं कोणी तरी वडीलधारा उच्चारतो, आणि जणूं निकाल लागतो.

हा निकाल न्यायाचा आहे काय, हें इतिहासास विचारून पाहण्यासारखें आहे. कारण मनुष्य आणि कुत्रा यांची सोबत शेतीहूनहि जुनी आहे, आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचें काय करावें हा प्रश्नहि जवळजवळ तितकाच जुना आहे. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं जीं प्राचीन ब्राँझचीं शिल्पें सांपडलीं, त्यांत बैल जुंपलेला एक रथ आहे. त्या रथाच्या दांडीवर, हांकणाऱ्याच्या पुढें, एक कुत्रा उभा आहे. ज्या कारागिरानें तो घडविला त्याला कुत्र्यावांचून प्रवास पुरा वाटला नसावा.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत घरच्या कुत्र्याला उद्देशून केलेली प्रार्थना आहे. सरमेच्या त्या वंशजाला ऋषि सांगतो कीं, चोरावर आणि दरोडेखोरावर धांवून जा. देवाचें स्तवन करणाऱ्या आम्हांवर कां गुरगुरतोस? आतां झोंप. या प्रार्थनेंत मोठी समज आहे. भुंकणें हा दोष आहे असें ऋषि म्हणत नाहीं. भुंकण्यासाठींच तर कुत्रा दारांत ठेवला! कोणावर भुंकावें आणि कोणावर नाहीं हें त्याला कळावें, एवढीच अपेक्षा आहे. आजच्या पाळीव कुत्र्याच्या धन्याची अपेक्षा याहून निराळी नाहीं.

महाभारताच्या आरंभीं तर कुत्र्याच्या वतीनें फिर्यादच दाखल झाली आहे. जनमेजयाच्या यज्ञापाशीं सरमेचें पिलूं आलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, त्यास जीभ लावली नाहीं. तरीहि राजाच्या भावांनीं त्यास बडविलें. पिलूं रडत आईकडे गेलें. सरमेनें यज्ञमंडपांत येऊन विचारलें कीं, माझ्या मुलाचा अपराध कोणता? कोणीच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां, ‘अकल्पित भय तुम्हांस गांठील’ असा शाप देऊन ती निघून गेली. मार आणि भय यांचें नातें त्या कथाकारानें अचूक ओळखलें होतें.

अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगविलेल्या आहेत, हें मराठवाड्यांतील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. त्याच जातकसंग्रहांत कुक्कुर जातक नांवाची एक कथा आहे. राजाच्या रथाचें कातडें रात्रीं कुत्र्यांनीं खाल्लें. राजा संतापला आणि त्यानें नगरांतील सारे कुत्रे मारण्याची आज्ञा केली. वाड्यांतले जातिवंत कुत्रे मात्र वगळले. स्मशानांत राहणाऱ्या कुत्र्याच्या जन्मांत असलेला बोधिसत्त्व दरबारांत गेला आणि त्यानें वाड्यांतल्या कुत्र्यांस ताक व दर्भ चारावयास सांगितलें. त्यांनीं कातड्याचे तुकडे ओकले, आणि अपराध कोणाचा हें सिद्ध झालें. अपराध पाहावयाचा सोडून जातीला शिक्षा करणें हा अन्याय होय, एवढाच या कथेचा अर्थ.

परंतु ही शिकवण व्यवहारांत फारशी उतरली नाहीं. याचें सर्वांत ठळक उदाहरण मुंबईस घडलें. मोकाट कुत्रे ठराविक काळांत मारण्याची रीत कंपनी सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून घातली होती आणि एका कुत्र्यामागें आठ आणे मिळत. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली. इनामाच्या लोभानें शिपाई पाळीव कुत्र्यांवरहि हात टाकूं लागले. पारशी धर्मांत कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृताच्या देहास कुत्र्याचें दर्शन घडविण्याचा त्यांचा विधि प्रसिद्धच आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांत पारश्यांनीं या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, लष्कराची रसद अडली, फौज बोलवावी लागली आणि धरपकड झाली. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्यांच्या उपद्रवावर मारण्यापलीकडेहि कांहीं उपाय असूं शकतो, हें त्या शहरानें दंग्याची किंमत देऊन शिकलें.

तथापि मारणें थांबलें म्हणजे समजणें सुरू झालें असें नव्हे. घरांतल्या भुंकणाऱ्या कुत्र्यास शहाणपण शिकविण्याचें साधन बराच काळ काठी आणि हिसका हेंच राहिलें. १९१० सालीं जर्मनींत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्यानें कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलें. तें नांवाजलें गेलें, आणि त्या पद्धतींत सक्तीला मोठें स्थान होतें. परंतु त्याच सुमारास रशियांत दुसऱ्याच वाटेनें शोध चालला होता. इव्हान पावलोव्ह याला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेच्या संशोधनासाठीं. पण त्याचें नांव घरोघर पोंचलें तें कुत्र्याच्या लाळेमुळें. अन्नाच्या आधीं पुनः पुनः एखादा संकेत दिला, तर पुढें नुसत्या संकेतानेंच लाळ सुटते, हें त्यानें दाखविलें. मनांत एका वस्तूची दुसरीशीं गांठ पडते. आणि ती गांठ सुखाची पडते तशी दुःखाचीहि पडते.

या एका नियमानें गुलमंडीच्या गल्लींतला प्रसंग उलगडतो. परका कुत्रा दिसला कीं साखळीचा हिसका बसतो, धनी ओरडतो, मान दुखते. असें दहा वेळां झालें म्हणजे अकराव्या वेळीं कुत्र्याच्या मनांत ‘परका कुत्रा म्हणजे दुःख’ अशी गांठ पक्की होते, आणि तो पूर्वींपेक्षां लवकर व मोठ्यानें भुंकूं लागतो. भर म्हणजे समोरचा कुत्रा आपल्या वाटेनें निघून गेला तरी भुंकणाऱ्यास वाटतें कीं, आपल्याच आवाजानें तो पळाला. धन्याला शिस्त लावल्याचें समाधान, कुत्र्याला शत्रु पळविल्याचें समाधान. आणि रोग मात्र दोघांच्या नकळत वाढत असतो.

गांठ पडते तशी ती सोडवितांहि येते, हें प्रथम एका मुलावर दिसलें. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या बालकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूल आवडीचें खात असतां ससा दूर ठेवावयाचा, आणि मूल शांत राहील तसतसा दिवसेंदिवस जवळ आणावयाचा. शेवटीं तोच बालक सशाला कुरवाळूं लागला. पुढें १९५८ सालीं जोसेफ वोल्पे यानें याच तत्त्वाला पद्धतशीर रूप दिलें. दरम्यान १९५१ सालीं स्किनर यानें, इष्ट कृतीच्या क्षणीं एक ठराविक आवाज करून लागलीच घास दिला असतां जनावर किती वेगानें शिकतें, हें सामान्य वाचकांसाठीं लिहिलें. आणि १९६५ सालीं स्कॉट व फुलर यांनीं अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखविलें कीं, पिलूं सुमारें तीन ते बारा आठवड्यांचें असतां जें पाहतें, हुंगतें व अनुभवतें, त्याचा ठसा आयुष्यभर टिकतो. त्या दिवसांत ज्याला घराबाहेरचें जग सौम्यपणें दाखविलें नाहीं, त्याला मोठेपणीं प्रत्येक परका कुत्रा वैरी वाटला तर नवल नाहीं.

आतां या ज्ञानाचा व्यवहार पाहावा. कुत्र्याचें परक्या कुत्र्यावर भुंकणें बहुधा तीन कारणांनीं असतें : भीति; जवळ जावयाचें असून साखळीनें अडविल्याची चडफड; आणि आपल्या हद्दीचा अभिमान. मोकळे कुत्रे एकमेकांस भेटतांना सरळ चालून येत नाहींत. वळसा घेतात, मान वळवितात, जमीन हुंगतात. अरुंद गल्लींत साखळीला बांधलेल्यास ही सभ्यता पाळतांच येत नाहीं. म्हणून पहिला उपाय अंतराचा. समोरचा कुत्रा दिसतो, पण आपला अजून भुंकत नाहीं, असें अंतर शोधून काढावें. तें कोणास वीस पावलांचें असेल, कोणास साठांचें. जुन्या शहराच्या गल्ल्यांपेक्षां छावणीकडील रुंद रस्त्यांवर तें सहज मिळतें, आणि भल्या पहांटे तर अधिकच.

त्या अंतरावर दुसरा कुत्रा दिसला रे दिसला कीं, आपल्या कुत्र्यास आवडीचा बारीक घास द्यावा. तो दिसत असेपर्यंत देत राहावें, आणि दिसेनासा होतांच थांबवावें. क्रम महत्त्वाचा आहे : आधीं कुत्रा, मग घास. कांहीं दिवसांनीं परका दिसतांच तो भुंकावयाचें सोडून धन्याच्या तोंडाकडे पाहूं लागेल. हीच नवी गांठ. मग अंतर पावलापावलानें कमी करावें. घाई केल्यास पुनः मागें यावें. साखळी सैल असावी, गळ्याऐवजीं छातीस पट्टा असावा, आणि अवचित कोणी समोर आलाच तर न ओरडतां वळून दुसरी वाट धरावी. त्यांत पराभव नाहीं. एरवीं शांत असणारा कुत्रा एकाएकीं चिडका झाला तर आधीं पशुवैद्यास दाखवावें. कान, दांत वा सांधा दुखत असतां शिकवणीचा उपयोग होत नाहीं. हें काम आठवड्यांचें, कधीं महिन्यांचें आहे. आणि कांहीं कुत्रे परक्याचे मित्र कधींच होत नाहींत. शांतपणें बाजूनें निघून जातां आलें तरी पुष्कळ झालें.

राहिला ओट्याखालचा कुत्रा. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, पुढें तिचें औरंगाबाद झालें, २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. नांवें पालटलीं, तरी रात्रीं दरवाज्यादरवाज्यांतून आपापली हद्द राखणारे कुत्रे राहिलेच. भारत सरकारच्या २००१ च्या आणि त्यांच्या जागीं आलेल्या २०२३ च्या नियमांनीं त्यांच्यासाठीं नसबंदी व रेबीजची लस हा मार्ग आंखून दिला, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढेंहि हा प्रश्न मोठ्या हिरिरीनें लढला गेला. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचें दुःख खरें असतें. त्याला दुर्लक्षानें उत्तर देतां येत नाहीं. पण मुंबईच्या १८३२ च्या अनुभवानंतर सरसकट काठीलाहि तें उत्तर म्हणतां येत नाहीं.

मराठवाड्यांतील नरसी हें ज्यांचें जन्मस्थान मानतात, त्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें पोळी पळविली, आणि नामदेव त्याच्या मागें धांवले. हातांत काठी असेल असें पाहणाऱ्यांस वाटलें. होती तुपाची वाटी. संतांनीं तें भूतदयेनें केलें. साखळी हातीं घेऊन संध्याकाळीं गल्लींत उतरणाऱ्या गृहस्थास संत होण्याची गरज नाहीं. खिशांत चार घास असावे, आणि घरांतून निघतांना नेहमींपेक्षां थोडा अधिक वेळ हातीं ठेवावा. म्हणजे त्या कुत्र्यास दुसरें घर शोधण्याची पाळी बहुधा येणार नाहीं.