लॅपटॉपमधील दुसरी हार्ड डिस्क

लॅपटॉप संगणकात मूळच्या हार्ड डिस्कखेरीज बसविलेला आणखी एक कायम संग्राहक. मुंबईत अशा कामासाठी प्रसिद्ध असलेली बाजारपेठ म्हणजे गिरगावच्या उत्तरेस, ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडील लॅमिंग्टन रोड होय. १९०३–०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनवरून पडलेले हे नाव, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नामांतर होऊनही, व्यवहारात टिकून राहिले. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा या चित्रपटगृहांचा हा रस्ता. रेडिओच्या सुट्या भागांच्या व्यापाराशेजारी विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे संगणकाच्या भागांचा व्यापार वाढला.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये सु. ६१ सेंमी. व्यासाच्या पन्नास तबकड्या असून तीत सु. ५० लक्ष अक्षरे मावत. लॅपटॉपमधील डिस्क सु. ७ सेंमी. रुंद असते, तथापि दुसरीसाठी बहुतेक यंत्रांत जागाच ठेवलेली नव्हती. ती सापडली डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात. ड्राइव्ह काढून तेथे ‘कॅडी’ नावाची चौकट सरकवितात व तीत डिस्क बसवितात. साटा पद्धतीच्या डीव्हीडी ड्राइव्हच्या जोडणीत १३ संपर्क-पट्ट्या असतात, तर हार्ड डिस्कच्या जोडणीत २२. हा मेळ कॅडी घालते. अशा ड्राइव्हला केवळ ५ व्होल्ट दाबाची वीज मिळते. लॅपटॉपच्या डिस्कला तेवढी पुरते. टेबलावरील संगणकाच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टही लागतात, म्हणून ती येथे चालत नाही. कॅडीची जाडी १२·७ किंवा ९·५ मिमी. असते व चुकीच्या जाडीची घेतल्यास ती कप्प्यात बसत नाही.

२०११ मध्ये थायलंडमधील महापुराने तेथील कारखाने बंद पडले आणि हार्ड डिस्कच्या किमती जगभर वाढल्या. पुढे फिरती तबकडी नसलेले, फ्लॅश स्मृतीवर चालणारे एसएसडी स्वस्त होत गेले. तेव्हा एसएसडी मूळ जागी व जुनी डिस्क कॅडीत, अशी वाटणी सोयीची ठरली. कारण कित्येक यंत्रांत डीव्हीडीच्या जोडणीचा वेग कमी असतो. जुनी डिस्क टाकून न देता तीच वापरता येणे, हा या युक्तीचा खरा लाभ होय.

दुसऱ्या डिस्कला सुरक्षित प्रत समजण्याची चूक मात्र सर्रास होते. दोन्ही एकाच पेटीत असल्याने लॅपटॉप चोरीस गेला किंवा पावसाच्या पाण्यात सापडला, तर छायाचित्रे व हिशेब दोन्हींतून एकदमच जातात. प्रत वेगळ्या ठिकाणीच हवी.

अ‍ॅपल कंपनीने २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिला नाही. इतर निर्मात्यांनीही तो हळूहळू वगळला आणि कॅडीची जागा नाहीशी झाली. काही नव्या यंत्रांत एम.२ प्रकारच्या पट्टीसारख्या एसएसडीसाठी दुसरी खाच असते. काहींत संग्राहक मुख्य फलकावरच डाख देऊन जोडलेला असतो. तेथे दुसरा संग्राहक केबलने बाहेरूनच जोडावा लागतो.