०.४५० ची बंदी आणि ०.४१६ ची रायफल

इ.स. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ०.४५० इंची खासगी रायफलींवर बंदी घातली. त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल, ही त्यामागची धास्ती होती. इंग्रज कारखानदारांनी लगेच ०.४६५, ०.४७० अशी मापे काढली. नळीचा व्यास बदलला, धक्का मात्र तोच राहिला!

परंतु दुनळी रायफल अतिशय महाग असे. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११ साली माउझर पद्धतीच्या बोल्टवर स्वस्त पर्याय दिला, तो ०.४१६. गोळी सुमारे साडेसव्वीस ग्रॅमची. उन्हाने कॉर्डाइटचा दाब वाढून रिकामे काडतूस नळीत अडकू नये, म्हणून त्याचे पितळी कवच मुद्दाम ऐसपैस ठेवले होते. खांद्याला बसणारा धक्का लष्करी ०.३०३ च्या तिपटीहून अधिक. सराव नसलेला नेमबाज चाप ओढण्याआधीच दचके आणि नेम चुके. समोर गवा असेल तर ही चूक जिवावर बेतणारी.

अशी रायफल बाळगणार कोण? १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये सामान्य हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता. युरोपियनांना मात्र दीर्घकाळ सूट होती. बंदुकीच्या व्यासाइतकीच धास्ती ती धरणाऱ्या हाताचीही होती.