नेटवर्क मार्केटिंग की स्वतःचा धंदा? सही करण्याआधी एवढं पाहा

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या पट्ट्यात दुकान टाकायचं म्हटलं की गाळ्याचं डिपॉझिट, भाडं, पहिला माल आणि उधारी यांचा हिशोब आधी मांडावा लागतो. म्हणून "भांडवल नको, दुकान नको, फक्त माणसं जोडा" असं कुणी सांगितलं की नोकरी शोधणारी मुलं आणि घरबसल्या चार पैसे कमवू पाहणाऱ्या बहिणी थांबून ऐकतात. ऐकायला हरकत नाही. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

हा धंदा चालतो कसा?

कंपनीचा माल दुकानात न ठेवता सभासद ओळखीच्यांना विकतात. विक्रीवर नफा मिळतो आणि खाली जोडलेल्या माणसांच्या विक्रीतूनही कमिशन मिळतं. माल खरा असेल, भाव बाजाराशी जुळत असेल आणि सभासद नसलेलं गिऱ्हाईकही तो पुन्हा मागत असेल, तर ही साधी विक्रीच झाली. कमाई मालावर न होता नवीन माणूस जोडण्यावर होत असेल, तर ती पिरॅमिड योजना.

कायदा काय म्हणतो?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम लागू केले. त्यानुसार पिरॅमिड योजनेला बंदी आहे. कंपनीला प्रवेश फी किंवा नोंदणी फी घेता येत नाही. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. अशा योजनेत सभासद होणं, भाग घेणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणून "मी फक्त जॉइन झालो होतो" हे उत्तर पुरत नाही.

आपल्या दोन तालुक्यांचा हिशोब

एकाने सहा जण जोडायचे आणि त्या प्रत्येकाने पुन्हा सहा, असं मीटिंगमध्ये सांगतात. आपण मोजून पाहू : ६, ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६. सातव्या पायरीला २,७९,९३६ माणसं लागतात, आठव्या पायरीला १६ लाखांहून जास्त. २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर होती, त्यात पाळण्यातली बाळंही आली. म्हणजे आठवी पायरी इथे भरूच शकत नाही. जे उशिरा येतात त्यांच्या खाली जोडायला माणूसच उरत नाही, आणि साखळीत सर्वांत जास्त माणसं हीच असतात.

भांडवल लागतंच

महिन्याची ठरलेली खरेदी, सेमिनारची फी, पनवेल-कल्याणला जाण्याचं भाडं, घरात पडून राहिलेल्या बाटल्या आणि डबे, हा सगळा खर्चच आहे. त्याहून मोठं भांडवल म्हणजे नाती. मामू, खाला, शेजारी, मशिदीत रोज भेटणारे साथी यांनाच पहिला फोन जातो. दुकान बुडालं तर निदान उरलेला माल विकता येतो. खालाचे पैसे अडकले तर ईदला तिच्या घरी जाणंही अवघड होतं.

"हलाल" शब्दावर विसंबू नका

हिरा ग्रुप आणि बेंगळुरूची आयएमए ही नेटवर्क मार्केटिंगची नव्हे, गुंतवणुकीची प्रकरणं होती. तरी हलाल नफ्याच्या नावाखाली आपल्याच लोकांनी पैसे टाकले आणि २०१८-१९ मध्ये दोन्हींच्या प्रमुखांना अटक झाली. नेटवर्क मार्केटिंगबद्दल सौदी अरबच्या स्थायी फतवा समितीने अशा साखळी योजना नाजायज ठरवल्या आहेत. त्यात गरर, म्हणजे अनिश्चितता आणि फसवणूक, हे एक मुख्य कारण आहे. आपल्या योजनेचे कागद घेऊन जाणकार आलिमांना विचारा.

सही करण्याआधी पाच प्रश्न

१. एकही माणूस न जोडता, नुसत्या विक्रीवर महिन्याला किती सुटतात?
२. हीच वस्तू नेरळच्या बाजारात कितीला मिळते?
३. न विकलेला माल कंपनी परत घेते का, आणि ते लेखी आहे का?
४. भारतात कंपनीचं ऑफिस आणि तक्रार अधिकारी कुठे आहे?
५. जोडणाऱ्याने स्वतः वर्षभरात किती भरले, बँकेत किती आले? पासबुक दाखवायला सांगा.

उत्तरं टाळली गेली तर पैसे भरू नका. फसवणूक झाली असेल तर पावत्या आणि व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. शरमेने गप्प बसलात तर पुढचा फोन तुमच्याच शेजाऱ्याला जाईल.