टिळकांचें उपकारस्मरण

आमच्या जळकोटकडे टाळमृदंगावांचून देवाचें गुणगान रंगत नाहीं. मराठी ख्रिस्ती देवळांत मात्र एकोणिसाव्या शतकांत बहुधा शब्द मराठी आणि चाल विलायती असे. वास्तविक फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत १६१६ सालींच छापलें गेलें होतें! नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईहि कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. अशा माणसानें गाऱ्हाणें गावें, तर त्यांनीं अभंगांत देवाचे उपकार आठवले. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोहोंचलों, असें ते सांगत. मला तें ऋण मोठें वाटतें. १९१९ सालीं ते वारले. त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.