बलरेषांचे जन्मस्थान

लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८१३ च्या मार्च महिन्यात मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, ज्याने पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी केली होती आणि तेथे हाती पडलेल्या विश्वकोशातूनच विद्युत्शास्त्राची पहिली ओळख करून घेतली होती, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. त्या वेळी विद्युद्भारांच्या आकर्षण-प्रतिकर्षणाचा निवाडा विद्वानांच्या दफ्तरी जवळजवळ कायम झालेला होता. हे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा कूलंबचा १७८५ चा नियम सर्वमान्य होता, आणि दोन भारांमधील अवकाशाला त्या व्यवहारात काही दर्जाच नव्हता.

फॅरडे यांची सारी दृष्टी खिळली ती या उपेक्षित अवकाशावर. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या वक्र रेषांत मांडला जातो, त्या बलरेषांचा अर्थ लावता लावता ते स्थिरविद्युतेकडे वळले. आणि १८३७ साली, एकात एक बसविलेल्या धातूच्या गोलांची दोन समान उपकरणे घेऊन, एकातील पोकळीत हवा ठेवून व दुसऱ्यातील पोकळीत लाख किंवा गंधक भरून त्यांनी दाखवून दिले की, मधला पदार्थ बदलला म्हणजे विद्युत् सामावून घेण्याची शक्तीही बदलते.

अशा चिंतनातून बलरेषांचे जे शास्त्र सिद्ध झाले, त्यानुसार स्थिर अवस्थेत रेषा धनभारित वाहकाच्या पृष्ठभागातून लंब दिशेने निघते आणि ऋणभारावर विसावते. एका बिंदूशी बलाची दिशा एकच असल्याने दोन रेषा परस्परांस कधीही छेदत नाहीत. जेथे त्यांची दाटी, तेथे बल तीव्र. ताणलेल्या दोराप्रमाणे प्रत्येक रेषा लांबीत आखडू पाहते, म्हणून विजातीय भार जवळ ओढले जातात. शेजारच्या रेषा एकमेकींना बाजूस लोटतात, म्हणून सजातीय भारांमधील रेषा वाकून दूर जातात, आणि ते भार समान असतील तर त्यांच्या बरोबर मध्यबिंदूशी बल शून्य होते. बाहेरच्या रेषा वाहकाच्या पृष्ठभागावरच थांबतात, आत शिरत नाहीत; रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच १८३६ साली फॅरडे बारा फूट लांबी-रुंदी-उंचीच्या, वाहक आवरणाच्या पिंजऱ्यात शिरून बसले; बाहेरून प्रबळ विद्युद्भार दिला असताही आत त्याचा मागमूस आढळला नाही.

फॅरडे यांना उच्च गणित अवगत नव्हते. तथापि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी या विषयावरील गणिती लेखनास हात घालण्यापूर्वी फॅरडे यांचे प्रयोगवृत्तांत संपूर्ण वाचण्याचा निश्चय केला, आणि १८७३ च्या आपल्या ग्रंथात निःशंकपणे नमूद केले की, रूढ चिन्हांत मांडलेली नसली तरी फॅरडे यांची विचारपद्धती गणितीच होती. कारागिराच्या डोळस निरीक्षणाला पहिल्या प्रतीच्या तर्काचा मान देणारा हा निवाडा विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिरोधार्य मानावा, इतक्या योग्यतेचा आहे.